कुणाच्या बापाचे दहा टक्के?

शनिवारी रात्रीचं लोअर परळच्या हॉटेलचं बिल समोर ठेवूनच लिहितोय, उगाच आकडे चुकायला नकोत. खाण्याचे २,३४० रुपये. त्याखाली ‘एस.सी. १०%’, २३४ रुपये. मग त्या झालेल्या २,५७४ वर सीजीएसटी अडीच टक्के ६४.३५ आणि एसजीएसटी अडीच टक्के ६४.३५. राउंड ऑफ तीस पैसे. एकूण २,७०३.

‘एस.सी.’! ‘सर्व्हिस चार्ज’ असं पुरतं लिहायची हिंमत नाही. खाण्याच्या बेरजेच्या खाली आणि जीएसटीच्या डोक्यावर मुद्दाम दडपून बसवलेली ओळ, त्याच बारीक टायपात, म्हणजे घाईत बघणाऱ्याला तोही सरकारचाच एखादा कर वाटावा. सर्व्हिस टॅक्स १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हाच गेला. तरी निम्मी मुंबई अजून या ओळीला टॅक्स समजून मुकाट्याने पैसे भरते, आणि हॉटेलवाले ती समजूत दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. कशाला पडतील? शिवाय ओळ जीएसटीच्या वर असल्यामुळे तिच्यावरही पाच टक्के बसतात. स्वतःहून न दिलेल्या बक्षिसीवर ११ रुपये ७० पैसे कर. व्वा.

बरं, एवढ्यावर थांबले असते तरी गप्प बसलो असतो. पण नाही. मग आलं कार्डाचं मशीन. त्याच्या स्क्रीनवर तीन जाडजूड चौकोन: १०, १५, २०. आणि कोपऱ्यात, राखाडी रंगात, चष्मा लावून शोधावं लागेल असं ‘नो टिप’. हे टक्के कशावर? २,३४० वर नाही. २,७०३ वर! म्हणजे खाण्यावर सर्व्हिस चार्ज, सर्व्हिस चार्जवर जीएसटी, आणि त्या सगळ्या डोंगरावर पुन्हा टिप. दहाचा चौकोन दाबला की २७० रुपये. आणि हे सगळं चालू असताना वेटर मशीन हातात धरून समोर उभा, नजर कुठे ठेवायची ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. ही स्क्रीन त्याने बसवलेली नाही, आणि त्यातले पैसे त्याच्यापर्यंत पोचतात की नाही हे त्याला तरी कुठे कळतं?

४ जुलै २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मार्गदर्शक सूचना काढल्या. बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही. दुसऱ्या कुठल्या नावानेही वसूल करायचा नाही (‘स्टाफ वेल्फेअर’ नावाची ओळ छापणारे महाभाग, हे तुम्हाला उद्देशून आहे). तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. देत नाही म्हणणाऱ्याला आत येण्यापासून अडवायचं नाही. आणि खाण्याच्या रकमेत मिसळून त्यावर जीएसटी लावायचा नाही. यावर हॉटेलवाल्यांच्या दोन देशपातळीवरच्या संघटना दिल्ली हायकोर्टात गेल्या, त्याच महिन्यात स्थगिती मिळवली, आणि पुढची अडीच वर्षं त्या स्थगितीवर निवांत काढली. २८ मार्च २०२५ ला कोर्टाने याचिका फेटाळल्या, वर दोघांना एकेक लाख भरायला लावले. त्यानंतर संघटना अपिलात गेल्या. खुशाल जा. पण तोवर लोअर परळच्या गिरणीच्या आवारात बसून ‘एस.सी.’ कसं काय छापता?

काढायला सांगितलं की मॅनेजर येतो. सगळ्यांचा क्लास बहुतेक एकाच ठिकाणी लागतो, कारण उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, “सर, सिस्टीम में ऑटो आता है.” सिस्टीम म्हणे! चुकून पंच झालेला पनीर टिक्का काढायचा असला की हाच मॅनेजर पासवर्ड टाकून दहा सेकंदांत नवीन बिल छापतो. दुसरं, “सर, मेन्यू में लिखा है.” लिहिलंय ना, क्यूआर कोड स्कॅन करून उघडलेल्या मेन्यूच्या अगदी तळाशी, मॉकटेलच्याही खाली. मेन्यूवर छापलं म्हणजे गिऱ्हाइकाने कबूल केलं असं होत नाही. तिसरं, “स्टाफ के लिए है, सर.” याच्याकडे नंतर येतो.

चौथं उत्तर मात्र ऐकायला गोड आणि म्हणून सगळ्यांत वाईट: “सर, मैं नीचे से माइनस कर देता हूँ.” कधीही हो म्हणू नका. शेवटच्या रकमेतून २३४ वजा केले की राहतात २,४६९. आणि मुळातच सर्व्हिस चार्ज नसता तर २,३४० वर पाच टक्के ११७, म्हणजे २,४५७. मधले ते ११ रुपये ७० पैसे (आणि राउंड ऑफचे तीस) तुमच्याच अंगावर राहतात, शिवाय कागदावर असं दिसतं की तुम्ही राजीखुशीने सर्व्हिस चार्ज भरला आणि हॉटेलने मोठ्या मनाने सूट दिली. पुढे तक्रार करायला हातात काय उरतं? बिल रद्द करून नवीन छापून मागायचं. नाहीच ऐकलं तर पैसे भरायचे, बिलाचा फोटो काढून ठेवायचा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर नोंद करायची. त्यापुढे जायचा दम असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही.

सगळ्यांत सोपं म्हणजे ऑर्डर देतानाच कॅप्टनला, म्हणजे वेटरांच्या वरच्या माणसाला, विचारायचं, “सर्व्हिस चार्ज लावता का? लावत असाल तर आमच्या बिलात नको.” जेवणाआधी सगळे गोड बोलतात.

कबूल, २४५ रुपये ७० पैशांसाठी तारीखवार कायदा पाठ असणं हे काही निरोगी प्रकृतीचं लक्षण नाही. तेवढे पैसे शनिवारी रात्री तिथून घरी यायच्या टॅक्सीत सिग्नललाच उडतात. आणि असल्या भांडणात टेबलावरची मंडळी एकेक करून छताकडे, फोनकडे, बडीशेपेच्या वाटीकडे बघायला लागतात. आपल्या बाजूने उभं राहायला कुणीच नसतं. ‘जाऊ दे ना, दे की’ हे वाक्य तर मराठी माणूस फक्त हॉटेलातच म्हणतो. भाजीवालीशी पाच रुपयांच्या मेथीवरून वाद घालताना कधी म्हणत नाही.

तर, “स्टाफ के लिए है.” असेल तर पगारवाढ करा! सर्व्हिस चार्ज जातो मालकाच्या खात्यात. त्यातला किती वाटायचा, कधी वाटायचा, वाटायचा की नाही, सगळं त्याच्या मर्जीवर. वाटलाच तर बहुतेक पॉइंटवर: मॅनेजरला जास्त, कॅप्टनला त्याखालोखाल, वेटरला त्याहून कमी, हेल्परला अर्धा, आणि मागे मोरीत भांडी घासणाऱ्याला जमलं तर. त्यात ग्लास फुटला की ब्रेकेज कापणार, एखादं टेबल बिल न भरता पळालं की तेही यांच्याच माथी मारणारी हॉटेलं आहेत. कार्डाच्या मशीनवरच्या टिपचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंचतारांकित हॉटेलांच्या टीडीएसच्या (मालकाने पगारातून आधीच कापायच्या आयकराच्या) प्रकरणात सांगितलंय की कार्डावर जमा झालेली टिप ही मालकाने दिलेला पगार नव्हे. मालक ती कर्मचाऱ्यांच्या वतीने फक्त सांभाळतो. टीडीएस कापायचा नसतो तेव्हा मालकांना हे पटकन पटतं. पैसे वाटायची वेळ आली की मात्र तेच पैसे ‘आमची पॉलिसी’ होतात.

आणि यात वेटर दोन्हीकडून मरतो. सर्व्हिस चार्ज भरलेलं गिऱ्हाईक वर टिप ठेवत नाही (का ठेवावी?), आणि भरलेला सर्व्हिस चार्ज त्याला दिसतच नाही. म्हणून ती ओळ काढायला लावा, आणि काढल्यावर २०० रुपये वेटरच्या हातात ठेवा. ज्यांना नुसते २३४ वाचवायचेत त्यांनी कृपया माझ्या बाजूने भांडू नये.

हो, आपल्या लोकांवरही राग आहेच. रविवारी माटुंग्यात बाहेर जिन्यापर्यंत रांग, आणि हे दोन कॉफ्यांवर पाऊण तास टेबल अडवून बसणार, चटणी चार वेळा मागणार, सांबार वेगळं मागणार, आणि उठताना ताटलीतली दहाची नोट उचलून त्या जागी दोनचं नाणं ठेवणार. वर बडीशेप मूठभर! मग ते, जे पाणी आणणाऱ्या पोराला ‘ए’ म्हणून हाका मारतात, टिचक्या वाजवतात, आणि जाताना पन्नासाची नोट हवेत हलवून अख्ख्या हॉटेलला दाखवतात. तिसरे न्यू जर्सीहून आलेले, जे गिरगावात मिसळीवर वीस टक्के सोडून ‘तुम्ही लोक कंजूष’ असा चेहरा करतात. अहो, तिकडे टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने द्यायचं केंद्रीय किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढंच, कारण उरलेलं टिपमधून भरून निघेल असं कायद्यानेच धरलंय. आपल्याकडे किमान वेतनातून टिप वजा करायची मुभा नाही. मालकाने पूर्ण पगार द्यायचा असतो. देत नाही हा वेगळा मुद्दा, पण त्याचं ओझं वीस टक्क्यांच्या रिवाजाने गिऱ्हाइकाच्या डोक्यावर आणून ठेवू नका.

किती द्यावी यावर मला वाद नको आहे, पण विचारतातच, म्हणून: उडपी हॉटेलात दोघांचं तीनशेचं बिल झालं तर वीस-तीस रुपये. टेबलावर वाढणाऱ्या एसी हॉटेलात पाच ते दहा टक्के, तेही कर सोडून, खाण्याच्या रकमेवर. परमिट रूममध्ये तोच माणूस रात्रभर बर्फ, सोडा, चखणा आणत असतो, तिथे हात आखडू नये. जेवण खारट झालं याचा राग वेटरवर काढू नये, त्याने ते केलेलं नाही. आणि टिप रोख द्यावी, ज्याने वाढलं त्याच्या हातात, बिलाच्या फोल्डरमध्ये नाही. फोल्डर बहुतेक वेळा कॅप्टन उचलतो. टेबल पुसणाऱ्याला वेगळे दहा-वीस द्यावेत, त्याच्यापर्यंत फोल्डर कधीच येत नाही. टेबलावरच्या स्टँडचा क्यूआर मालकाचा असतो, त्यावर टिप पाठवून ‘दिली की’ म्हणू नका. वेटरचा स्वतःचा क्यूआर मागता येतो, पण कित्येक ठिकाणी ड्युटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायला लावतात.

आता निघालंच आहे तर: बसल्या बसल्या “बिसलेरी या रेग्युलर?” असं विचारायचं बंद करा. ‘रेग्युलर’ शब्द असा उच्चारतात की मागणाऱ्याला गटाराचं पाणी मागितल्यासारखं वाटावं. बाटलीवरच्या छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घ्यायला २०१७ मध्ये कोर्टाने मोकळीक दिलीय, ठीक, मग निदान न विचारता झाकण फोडू नका. बिलासाठी मोबाईल नंबर मागू नका. ‘गुगलवर पाच स्टार, सर, माझं नाव पण लिहा’ असं त्या पोरांना बोलायला लावू नका, त्यांनाही मेल्याहून मेल्यासारखं होतं. आणि घरपोच जेवण आणणाऱ्या ॲपवाल्यांनो, जेवण अजून कढईत असताना टिप कसली मागता? भर पावसात आलेल्या माणसाला दारात द्यायची तर द्यायला सुटे नसतात.

सुट्यांचं तर विचारूच नका. एटीएममधून बहुतेक वेळा पाचशेच्या नोटा निघतात, म्हणून वेटरला द्यायला गल्ल्यावर पाचशे मोडून मागावेत, तर गल्ल्यावरचा माणूस ड्रॉवर अर्धा इंच उघडून आत न बघताच मान हलवतो, “छुट्टा नहीं है, सर, मशीन पे डाल दो.”