धन्वंतरींनी लस काढली नव्हती, काका

परवा वहिनीचा फोन आला. बाळाला नऊ महिने झाले, गोवर-रुबेलाची लस द्यायची आहे, पण काकांनी घरच्या ग्रुपवर पाठवलेलं वाचून तिचा पाय मागे आलाय. मजकूर थोडक्यात असा : देवीची लस धन्वंतरींच्या ग्रंथात होती, जेनर या इंग्रज डॉक्टरने ती चोरली, इंग्रजांनी आपला माल खपवायला आपली ‘टीका’ (देवी टोचायची जुनी देशी पद्धत) बंद पाडली, देवीचा रोग लसीने नाही, स्वच्छतेने गेला, म्हणून लेकरांना टोचू नका. खाली खास माझ्यासाठी एक ओळ : ‘एमएला वैद्यकाचा इतिहास घेतलायस ना, हे शिकवतात का तिथे?’

शिकवतात. तिसऱ्याच आठवड्यात.

गाईच्या सडावरच्या फोडातला द्रव शस्त्राच्या टोकावर घ्यावा आणि दंडावर टोचावा, असं सांगणारं हे ‘धन्वंतरींचं वचन’ १८१९ साली ‘मद्रास कूरिअर’ या इंग्रजी वर्तमानपत्रातल्या एका पत्रात छापून आलं. जेनरच्या प्रयोगानंतर तेवीस वर्षांनी! संस्कृत वैद्यकग्रंथांचे अभ्यासक डोमिनिक वुजास्टिक यांनी १९८७ मध्ये त्याचा माग काढला. चरकात नाही, सुश्रुतात नाही. लोकांनी नवी लस स्वीकारावी म्हणून केलेली ही रचना, असा त्यांचा निष्कर्ष. लेखाचं नावच ‘अ पायस फ्रॉड’, म्हणजे पुण्य समजून केलेली लबाडी. जे वचन ‘टोचून घ्या’ म्हणून रचलं, तेच काका आज ‘टोचू नका’ म्हणून पाठवतायत.

टीका मात्र खरी होती, मान्य. बंगालातल्या टीकादारांचं, म्हणजे टीका टोचणाऱ्यांचं वर्णन होलवेल या इंग्रज डॉक्टरने १७६७ मध्ये छापलंय. पण तिच्यात गाय नव्हती. माणसाच्याच देवीची लागण मुद्दाम, बेतानं द्यायची. बहुतेक वाचत, काही दगावत, आणि टोचलेल्याकडून शेजाऱ्याला खरी देवी लागू शके. हीच पद्धत तुर्कस्तानातून १७२१ मध्ये लंडनला पोचली होती; जेनरला स्वतःला लहानपणी तसंच टोचलं होतं. त्याने १७९६ मध्ये वापरली ती गाईची देवी, म्हणजे गाईच्या सडावर फोड आणणारा वेगळा, सौम्य रोग. मग चोरलं काय?

बंदीचं म्हणणं अर्धं खरं. कलकत्त्यात १८६५ मध्ये कायद्याने टीका बंद झाली, पुढे लसीची सक्तीही झाली. आमच्या वर्गात यावर दोन तास भांडण झालं, त्यामुळे तिथे गोऱ्यांच्या आरत्या ओवाळतात हा समज सोडा. पण माणसाची देवी टोचायची पद्धत इंग्लंडने स्वतःच्या देशात १८४० मध्येच बंद केली होती. आणि ‘माल’? मुंबईत १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला टोचलेली लस एका दंडावरून दुसऱ्या दंडावर अशी इराकमधल्या बसऱ्याकडून आली होती. पुढे तिच्या फोडातून इतर मुलांना टोचलं. यात खपवायचा माल कुठला?

स्वच्छता? १९७४ मध्ये बिहारात देवीची भयंकर साथ होती. देशातला शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. वर्षभरात बिहारची गटारं झाकली गेली होती का? घरोघर रुग्ण हुडकले, त्यांच्या भोवतालच्यांना टोचलं, तेव्हा साखळी तुटली. आणि गोवर तर हवेतून पसरतो, अंगण कितीही झाडा.

वहिनी, लसीकरणाच्या दिवशी बाळाला उपकेंद्रात घेऊन जा. काका, त्या ग्रंथाचं नाव आणि अध्याय तेवढा कळवा. पुढच्या सेमिस्टरला निबंध द्यायचाय.