अमेरिकेची घटना म्हणे इरोक्वॉय लोकांची कॉपी. त्या फॉरवर्डबद्दल थोडं

एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: अमेरिकेची राज्यघटना म्हणजे इरोक्वॉय आदिवासींच्या ११४२ सालच्या 'शांतीच्या महान कायद्या'ची शब्दशः कॉपी, बेंजामिन फ्रँकलिनने ती चोरली, घटना लिहिताना इरोक्वॉय सरदार सल्लागार म्हणून बसले होते, 'वुई द पीपल' हे शब्द त्यांचे, राजमुद्रेवरचे बाण त्यांचे, अमेरिकन काँग्रेसने हे सगळं मान्यसुद्धा केलंय, आणि कधीही न लढलेले हे शांतताप्रिय लोक आता फक्त म्युझियममध्ये उरलेत. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा'.

हे पसरतंय कारण त्यात एक धागा खरा आहे. पण त्या धाग्याला इतकं काही बांधलंय की खरे इरोक्वॉय त्यात दिसेनासेच झालेत, आणि मला खटकतं ते हेच, अमेरिकेची इज्जत वाचवायची मला काही हौस नाही.

आधी हे लोक कोण ते बघू. आजच्या न्यूयॉर्क राज्याच्या वरच्या भागात पूर्वेकडून पश्चिमेकडे मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायूगा आणि सेनेका अशी पाच राष्ट्रं, त्यांचा संघ, नंतर १७२२ च्या सुमाराला दक्षिणेकडून आलेले टस्करोरा सहावे. ते स्वतःला हौदेनोशोनी म्हणवतात. एल्मच्या सालीची लांबच लांब घरं, एका घरात आईकडून नातं असलेली कितीतरी कुटुंबं, शेतात मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायचे.

आता ११४२. संघ कसा झाला याची त्यांची परंपरा फार सुंदर आहे, शांतिदूत येतो, दुःखाने खचलेला हायावाथा त्याला मिळतो आणि दोघं मिळून ओनोंडागांचा क्रूर सरदार ताडोदाहो याच्या केसांतले साप विंचरून काढतात. याच परंपरेत सेनेकांनी संघात यायचा निर्णय घेतला त्या वेळी सूर्य काळवंडला असं येतं. त्यावरून काही संशोधकांनी ३१ ऑगस्ट ११४२ चं ग्रहण धरलं, काहींनी १४५१ चं धरलं, आणि बऱ्याच पुरातत्त्ववाल्यांचा कल पंधराव्या-सोळाव्या शतकाकडे आहे. म्हणजे ११४२ ही एक शक्यता झाली, मेसेजमध्ये ती जन्मदाखल्यासारखी छापलीय.

'शब्दशः' हा तर कहरच. हा कायदा तोंडी होता, वॅम्पम म्हणजे शिंपल्यांच्या मण्यांचे पट्टे हातात धरून जाणकार लोक तो म्हणून दाखवायचे. इंग्रजीत तो नीट लिहून काढायचं काम एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं, सेथ न्यूहाऊस नावाच्या मोहॉक गृहस्थांचा त्यात मोठा हात, आणि ११७ कलमांची जी आवृत्ती लोक नेटवर टाकतात ती छापली गेली १९१६ साली. तोपर्यंत अमेरिकेच्या घटनेला सव्वाशेच्या वर वर्षं झाली होती. मग त्या कलमांची भाषा घटनेसारखी वाटली तर कोणी कोणाचं बघून लिहिलं हे तुम्हीच ठरवा!

फ्रँकलिनचं प्रकरण मात्र पूर्ण खोटं नाहीये, खरा धागा तो हाच. १७४४ साली पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला तहाच्या बोलण्यांत ओनोंडागांचा वक्ता कानासातेगो याने इंग्रज वसाहतवाल्यांना सुनावलं की आमच्या शहाण्या पूर्वजांनी पाच राष्ट्रांत एकी केली म्हणून आम्ही बलवान झालो, तुम्हीही तसं करा. तो तह फ्रँकलिननेच आपल्या छापखान्यात छापला. १७५१ मध्ये त्याने एका पत्रात लिहिलं की सहा राष्ट्रांच्या 'अडाणी रानटी' लोकांना असा संघ जमतो आणि टिकतो, आणि दहा-बारा इंग्रज वसाहतींना जमू नये म्हणजे आश्चर्यच. नीट वाचा, हा स्वतःच्या लोकांना मारलेला टोमणा आहे, आणि तोही इरोक्वॉयना रानटी म्हणत. पुढे १७५४ मध्ये न्यूयॉर्क वसाहतीतल्या ऑल्बनीला त्याने वसाहतींच्या संघाची योजना मांडली, तिथे मोहॉक पुढारी हेंड्रिकही हजर होता. पण योजनेत काय होतं? राजाने नेमलेला एक प्रेसिडेंट-जनरल आणि वसाहतींच्या विधानसभांनी निवडलेली ४८ जणांची कौन्सिल. वसाहतींनी ती फेटाळली, लंडननेही पुढे नेली नाही. एकत्र या, ही प्रेरणा तिथून थोडीफार आली असेल, नाही म्हणत नाही. पण 'चोरली' म्हणायला मालही तोच असावा लागतो ना.

आणि सल्लागार सरदार? १७८७ च्या उन्हाळ्यात घटना लिहायला फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी होते, त्यात एकही इरोक्वॉय नाही. त्यांच्यातल्याच मॅडिसनने रोजच्या चर्चेच्या सविस्तर नोंदी ठेवल्यात, त्यात उदाहरणं येतात ती जुन्या ग्रीक संघांची, स्विस, डच, जर्मन संघांची. इरोक्वॉय शिष्टमंडळ फिलाडेल्फियात आलं होतं ते १७७६ च्या मे-जूनमध्ये, वसाहतींच्या काँग्रेसचा अध्यक्ष जॉन हॅनकॉकला त्यांनी एक नावही बहाल केलं. पण तेव्हा विषय होता इंग्रजांशी लढाई पेटली तर तुम्ही मध्ये पडू नका, एवढाच. मेसेजवाल्याने अकरा वर्षं गिळून दोन प्रसंग एक केलेत.

'वुई द पीपल'ची गोष्ट तर भारीच आहे. साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी रटलेज याने म्हणे घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीत १५२० सालचा इरोक्वॉय मजकूर वाचून दाखवला. १५२० मध्ये इरोक्वॉय मुलखाजवळच्या सेंट लॉरेन्स नदीवर एक युरोपियन पोचल्याची नोंद नाही, फ्रेंच दर्यावर्दी कार्तिए तिच्या मुखाशी आला तोच १५३४ ला, मग तो मजकूर लिहिला कोणी? घटनेच्या आधीच्या मसुद्यात 'आम्ही अमुक अमुक राज्यांचे लोक' म्हणून तेरा राज्यांची यादी होती, ती काढून आजचं वाक्य बसवलं ते गव्हर्नर मॉरिसने (गव्हर्नर हे त्याचं नाव, पद नव्हे). राजमुद्रेवरच्या बाणांचं थोडक्यात सांगतो: बाणांची जुडी मोडत नाही ही उपमा इरोक्वॉय परंपरेत आहेच, पण डच प्रजासत्ताकाच्या राजचिन्हातल्या सिंहाच्या पंजात सात बाण त्याआधीपासून होते, आणि काठ्यांच्या मोळीची गोष्ट आपणही शाळेत वाचलीय.

आता जे मेसेजमध्ये नाहीच ते सांगतो, कारण खरा फरक तिथे आहे. संघाच्या सभेत सरदारांची ५० पदं: मोहॉक ९, ओनायडा ९, ओनोंडागा १४, कायूगा १०, सेनेका ८. सेनेका लोकसंख्येने सगळ्यात मोठे आणि पदं सगळ्यात कमी, तरी भांडण नाही, कारण डोकी मोजून मतदान नव्हतंच. मोहॉक आणि सेनेका म्हणजे थोरले भाऊ, ते आधी बोलून एकमत करणार, मग विषय ओनायडा-कायूगा या धाकट्या भावांकडे, आणि शेवटी सभेचा अग्नी सांभाळणारे ओनोंडागा त्यावर शिक्का मारणार किंवा परत पाठवणार. एकमत नाही तर निर्णय नाही. पदं ठरावीक घराण्यांत आईच्या बाजूने चालायची आणि माणूस निवडायची ती कुळातली थोरली बाई. नुसती निवडायची नाही, सरदार बिघडला तर तीनदा समज देऊन त्याची शिंगं उतरवायचीसुद्धा, म्हणजे पद गेलं. वर बसलेला राष्ट्राध्यक्ष वगैरे प्रकार नाही.

याच्या शेजारी १७८७ ची घटना ठेवा. बहुमत, राष्ट्राध्यक्ष, सुप्रीम कोर्ट, एक गुलाम म्हणजे तीन-पंचमांश माणूस अशी मोजणी, आणि बायकांचं नावच नाही. बायकांचा मताचा हक्क घटनेत आला १९२० ला, म्हणजे १३३ वर्षांनी. ही कॉपी असेल तर पोराने शेजारच्याच्या पेपरातलं नेमकं मार्क मिळवून देणारं उत्तरच सोडून दिलंय. प्रभाव शोधायचाच असेल तर तो इथे शोधा: न्यूयॉर्क राज्यातल्या मटिल्डा गेज आणि एलिझाबेथ स्टँटन या मताधिकारवाल्या बायकांनी हौदेनोशोनी बायकांचा मान शेजारी राहून पाहिला आणि त्यावर लिहिलं. गेजबाईंना १८९३ मध्ये मोहॉकांच्या लांडगा कुळात दत्तकही घेतलं. याचा पुरावा कागदावर आहे, पण याचा फॉरवर्ड मला अजून आलेला नाही.

'कधीही न लढलेले' हे वाचून तर हसावं की रडावं कळेना. शांतता होती ती संघाच्या आत. बाहेर सतराव्या शतकात फरच्या व्यापारासाठी आणि रोगराईने गेलेल्या माणसांच्या जागी कैदी आणून दत्तक घेण्यासाठी यांनी जबरदस्त लढाया केल्या, १६४९ मध्ये शेजारच्या वेंडाट लोकांचं राज्य पार उधळून लावलं. त्यात कमीपणा काही नाही, त्या काळचं ते एक मोठं राजकीय बळ होतं आणि फ्रेंच-इंग्रज दोघंही त्यांना धरून असायचे. गांधीजी करून त्यांचा सत्कार कशाला?

राहिला काँग्रेसचा ठराव. खरा आहे, १९८८ चा, घटनेच्या द्विशताब्दीच्या वेळचा, आणि प्रभाव होता असं त्यात म्हटलंयही. पण संसदेतल्या ठरावाने इतिहास सिद्ध होत असता तर काय हवं होतं. आणि तेच अमेरिकन सरकार १७७९ मध्ये, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, काय करत होतं तेही मेसेजमध्ये टाका की: वॉशिंग्टनच्या हुकमाने जनरल सलिव्हनच्या फौजेने इरोक्वॉयची चाळीसच्या आसपास गावं जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. ओनायडांमधले बरेच जण तर अमेरिकेच्याच बाजूने लढले होते, तरी पुढे त्यांचीही जमीन गेलीच.

आणि शेवटचं, 'फक्त म्युझियममध्ये'. ओनोंडागांची सरदारांची सभा अजून कुळमातांनीच निवडलेली आहे. १७९४ च्या कॅनंडेग्वा तहाप्रमाणे अमेरिकन सरकार आजही दरवर्षी त्यांना कापड पाठवतं, आणि ते घेतात, कारण कापड येतंय तोवर तह जिवंत आहे. १९२३ मध्ये कायूगा सरदार डेस्काहे स्वतःच्या राष्ट्राच्या पासपोर्टवर जिनिव्हाला राष्ट्रसंघाचं दार ठोठावायला गेला. २०१० ला त्यांच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) टीमला तसल्याच पासपोर्टवर ब्रिटनने येऊ दिलं नाही, तेव्हा ते वर्ल्ड चॅम्पियनशिप सोडून बसले पण अमेरिकन पासपोर्ट घेतला नाही. म्युझियमचंच म्हणाल तर न्यूयॉर्क राज्याच्या म्युझियममध्ये त्यांचे वॅम्पम पट्टे होते खरे, पाच राष्ट्रांचा हायावाथा पट्टासुद्धा. ओनोंडागांनी ते वर्षानुवर्षं मागितले आणि १९८९ मध्ये बारा पट्टे परत मिळवले.