पट्ट्यावरचं विमान आणि आमचे भाऊजी

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणं आटोपून सगळे जरा लवंडले होते, तेवढ्यात आठवीतल्या पुतणीने एक कोडं घातलं आणि त्या दुपारी घरात कुणाचा डोळा लागला नाही.

कोडं जुनं आहे, जगभर गाजलेलं आहे. विमान धावपट्टीवर उभं आहे, पण ती धावपट्टी म्हणजे जिममधल्या ट्रेडमिलसारखा एक लांबच लांब सरकता पट्टा. विमान ज्या वेगाने पुढे जाईल त्याच वेगाने पट्टा मागे पळतो. विमान उडेल की नाही?

माझे धाकटे दीर चाकणला गाड्यांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं काम करतात. कोडं पुरतं सांगून व्हायच्या आत ते म्हणाले, "नाही उडणार. जागच्या जागी राहील." मी म्हटलं, "उडेल." मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे घरातले बरेचसे लगेच माझ्या बाजूला सरकले. मला ते मुळीच आवडलं नाही. शिकवणारी म्हणते म्हणून विमान उडत नसतं. भाऊजींना मनापासून पटत नाही तोवर आपण उत्तर दिलं असं मी मानणार नव्हते.

मी विचारलं, "भाऊजी, का नाही उडणार?"

"वहिनी, आमच्याकडे गाडी तयार झाली की रोलरवर चढवतात. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, काटा शंभराच्या पुढे जातो, आणि गाडी असते तिथेच असते. मी रोज बघतो. चाकाखालची जमीनच मागे पळायला लागली तर पुढे जाणार कशी?"

हे उत्तर चुकीचं असलं तरी अडाणीपणाचं नाही. उलट, वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीवर ते उभं आहे. गाडीच्या बाबतीत त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. गाडीचं इंजिन चाक फिरवतं, चाक रस्त्याला मागे रेटतं आणि रस्ता गाडीला पुढे रेटतो. रस्ताच निसटता केला की रेटायला काही उरत नाही. ट्रेडमिलवर पळणाऱ्या माणसाचंही तेच. आपण सगळे आयुष्यभर जमिनीला पाय लावून पुढे गेलेलो आहोत, म्हणून हे कोडं ऐकलं की पहिलं उत्तर "नाही" असंच येतं.

पण विमानाचं इंजिन चाकांना जोडलेलंच नसतं. पंखा किंवा जेट हवेला मागे फेकतं आणि हवा विमानाला पुढे रेटते. चाकं फक्त घरंगळायला आहेत, प्रवासाच्या बॅगेला असतात तशी. बॅग आपला हात ओढतो, चाकं नुसती सोबत येतात. मग खाली जमीन उभी आहे की मागे पळते आहे, याने त्या ओढण्यात काय फरक पडणार? चाकं दुप्पट वेगाने फिरतील, एवढंच.

हे सगळं मी सांगितलं. भाऊजी म्हणाले, "बोलायला ठीक आहे. पण पट्टा मागे खेचणारच ना काहीतरी? चाकात घर्षण असतंच की." खरं तर हाच बरोबर प्रश्न होता. खेचतो, पण किती?

सोसायटीच्या जिममध्ये ट्रेडमिल आहे. पुतणीचा एक रोलर स्केट घेतला, त्यात दोन किलो तांदळाची पिशवी बांधली, म्हणजे सगळं मिळून तीन किलोच्या आसपास झालं. स्केटला पुढून नाडी, नाडीला मी प्रयोगासाठी घरी आणलेला स्प्रिंगचा काटा, आणि काटा ट्रेडमिलच्या पुढच्या दांडीला अडकवला. पट्टा ताशी ४ किलोमीटरवर सोडला. चाकं फिरू लागली, स्केट जागेवर, काटा साधारण ६० ग्रॅमवर. भाऊजी म्हणाले, "वाढवा." ८ वर नेला. आवाज वाढला, चाकं भिरभिरली, काटा जवळपास तिथेच. १२ वर नेला. ६०, फार तर ७० ग्रॅम.

भाऊजी गुडघ्यावर बसले आणि काट्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने नाडी धरली आणि ओढली. पट्टा १२ च्या वेगाने मागे पळत होता आणि स्केट दोन बोटांच्या जोरावर आरामात पुढे आला. त्यांनी तो सोडला, पुन्हा ओढला, तीनदा केलं. मला त्या क्षणी काही बोलावंसं वाटलं नाही. हाताला जे कळतं ते फळ्यावर लिहून कळत नाही, हे मी वर्गात शेकडो वेळा पाहिलंय.

विमानाचं गणित याच जातीचं आहे. सेस्ना १७२ हे चार माणसांचं छोटं शिकाऊ विमान, वजन साधारण अकराशे किलो. चाकं घरंगळताना होणारा विरोध वजनाच्या दोनेक टक्के धरला तरी वीस-पंचवीस किलो वजनाएवढा. पंख्याचा रेटा त्याच्या कितीतरी पट असतो. आणि हा विरोध वेगाबरोबर फारसा वाढत नाही, हे काट्याने दाखवलंच. म्हणजे पट्टा कितीही पळो, विमानाला त्याचं ओझं तेवढंच. ते पुढे जाणार, ताशी शंभरेक किलोमीटरला नाक उचलणार आणि जाणार.

(ज्यांना खऱ्या विमानावरचा प्रयोग हवा असेल त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या 'मिथबस्टर्स' या टीव्ही कार्यक्रमवाल्यांनी जानेवारी २००८ च्या भागात एक हलकं अल्ट्रालाइट विमान लांबलचक ताडपत्रीवर उभं केलं आणि ताडपत्री ट्रकने उलट दिशेला ओढली. विमान उडालं.)

इथे बरेच जण वाद संपला म्हणून टाळ्या देतात. आमच्याकडे खरा वाद रात्री आरतीनंतर सुरू झाला, आणि तो भाऊजींनी काढला.

"वहिनी, पुतणीने सांगितलं तसं नाही. मी मोबाईलवर पाहिलं, त्यात लिहिलंय की पट्टा चाकांच्या वेगाएवढा फिरतो. विमानाच्या नाही, चाकांच्या."

एका शब्दाचा फरक आहे आणि सगळं कोडं बदलतं. चाक घसरत नसेल तर चाकाच्या कडेचा वेग म्हणजे विमानाचा वेग अधिक पट्ट्याचा वेग. आता अट घाला की चाकाचा वेग आणि पट्ट्याचा वेग कायम सारखे. मग विमानाच्या वाट्याला शून्यच उरतं. म्हणजे या रूपात विमान उडत नाही हे उत्तर कोड्याच्या अटीतच शिवून ठेवलेलं आहे. जगभर लोक याच्यावर एकमेकांशी भांडतात ते बरेचदा दोन वेगवेगळी कोडी हातात घेऊन भांडतात. मी भाऊजींना सांगितलं की तुम्ही वाचलेल्या कोड्यात तुमचं बरोबर आहे. पण ते बरोबर ठरायला पट्ट्याला काय करावं लागेल ते काढून बघू.

ते आम्ही वहीत काढलं. घर्षण पुरत नाही हे ठरलंच आहे. मग पट्टा विमानाला अडवणार कशाने? एकच रस्ता: पट्ट्याने सतत वेग वाढवत राहायचं. चाकाला फिरण्याचं स्वतःचं जडत्व असतं. पट्टा एकदम जोर पकडतो तेव्हा चाकाला फिरवताना त्याला थोडं मागेही ओढतो. (दुपारी हे दिसलंही होतं. ट्रेडमिलचं वेगाचं बटण दाबलं की काटा क्षणभर उडी मारायचा आणि परत ६० वर यायचा. तेव्हा आम्ही लक्ष दिलं नव्हतं.) समजा सगळ्या चाकांचं मिळून वजन ३० किलो, भरीव चकतीसारखी, आणि पंख्याचा रेटा २००० न्यूटन, म्हणजे साधारण दोनशे किलो वजनाएवढा. तर तो रेटा अडवायला पट्ट्याचा वेग दर सेकंदाला १३३ मीटर प्रति सेकंद एवढ्याने वाढत राहायला हवा. दहा सेकंदांत पट्टा ताशी ४८०० किलोमीटरवर, आवाजाच्या वेगाच्या जवळपास चौपट. आणि पायलट तर अजून ब्रेक सोडून इंजिनाचा आवाज ऐकतोय.

भाऊजी आकडा बघून म्हणाले, "टायर फुटतील." अर्थातच! बेअरिंगही जळतील. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मला सुचलं नव्हतं. साध्या रूपातही टायरचा विचार करावा लागेल, म्हणाले. ए-३२० सारखं मोठं विमान ताशी २५०-२७० ला जमीन सोडतं. पट्टा तेवढाच मागे पळत असेल तर चाकं ५००-५४० ने फिरणार. मोठ्या विमानांचे टायर साधारण ३६० पर्यंत चालतील असे बनवतात. म्हणजे सेस्ना उडेल, पण मोठ्या विमानाने आधी टायरवाल्याला विचारावं लागेल. वीस वर्षांचा कारखाना त्यांच्या डोक्यात होता तो असा उपयोगी पडला. शिकवणारीला कुणी असं काही नवीन दिलं की काय वाटतं ते शिकवणाऱ्यांनाच कळेल.

आणखी एक गंमत मी त्यात घातली. एवढा रुंद पट्टा एवढ्या वेगाने मागे पळाला तर तो आपल्याबरोबर हवाही मागे ओढणार. म्हणजे जागेवर उभ्या विमानावर समोरून वारा. वारा पुरेसा झाला तर ते जागच्या जागी वर उचललं जाईल.

हे ऐकून सासूबाई हसल्या, त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. पण सगळ्या कोड्याचा जीव इथे आहे. उडायला विमानाने जमिनीवरून पळायलाच हवं असं नाही. पंखांवरून हवा पळायला हवी. सिंहगडावर कड्याच्या टोकाशी उभं राहिलं की समोर घार दिसते, पंख पसरून, एका जागी थांबलेली, दोरीने टांगल्यासारखी. जमिनीच्या हिशेबाने तिचा वेग शून्य. वाऱ्याच्या हिशेबाने ती चांगली पळते आहे. फ्लाइंग स्कूलच्या मैदानात उभी असलेली छोटी विमानं दोरांनी जमिनीला बांधून ठेवतात ती याचसाठी. मी एकदा मुलांना घेऊन बारामतीला गेले होते, तेव्हा पंखाखालच्या कडीतून गेलेला तो दोर हात लावून पाहिला होता. एका मुलाने विचारलं, "मॅडम, हे काय चोरीला जाईल म्हणून?" नाही रे बाळा, वारा घेऊन जाईल म्हणून.

विमानवाहू जहाजावर तर हे रोजचं काम आहे. विमान सोडायचं असलं की जहाज आधी वाऱ्याला तोंड करून वळतं आणि जोरात धावतं. जहाज २५ नॉटने (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) जात असेल आणि समोरून १५ नॉटचा वारा असेल तर विमान हलायच्या आत त्याच्या पंखांवरून ताशी ७४ किलोमीटरची हवा वाहत असते. जहाजावरून उडण्याच्या सरावासाठी गोव्यात दाबोळीला आयएनएस हंसा या नौदलाच्या विमानतळावर जमिनीवरच, जहाजाच्या टोकाला असते तशी वर वळलेली चढण बांधली आहे, तिथे तेजसच्या नौदल आवृत्तीने सराव केला आणि ११ जानेवारी २०२० ला ते विमान विक्रमादित्य या विमानवाहू जहाजावर उतरलं. मुंबईहून निघालेलं विमान बहुतेक वेळा जुहूच्या समुद्राकडे तोंड करून उडतं तेही वाऱ्याच्याच हिशेबाने.

आता एक राग आहे तो बोलून घेते. हवा पंखाला वर कशी उचलते, याचं एक स्पष्टीकरण कित्येक पुस्तकांत अजून छापून येतं: पंख वरून फुगीर असतो, वरच्या हवेला लांबचा रस्ता असतो, दोन्हीकडची हवा मागच्या टोकाला एकाच वेळी पोचायला हवी म्हणून वरची जास्त वेगाने पळते. का पोचायला हवी एकाच वेळी? त्यांनी काय एकमेकींना वेळ दिलेली असते? केंब्रिज विद्यापीठाचे होल्गर बाबिन्स्की यांनी २००३ साली शिक्षकांसाठी लिहिलेल्या लेखात धुराच्या रेषांनी हे दाखवलं आहे. वरची हवा खरंच जास्त वेगाने जाते, इतकी की ती खालच्या हवेच्या आधी पुढे निघून जाते, तिची वाट बघत नाही. आणि ते फुगीरपणाचं खरं असतं तर कसरतीची विमानं उलटी उडालीच नसती. पंख वाहती हवा वळवतो, खाली ढकलतो, आणि हवा त्याला वर ढकलते. वरचा दाब कमी होतो, खालचा वाढतो, ही त्याच गोष्टीची दुसरी बाजू. हे सातवीतल्या मुलालाही सांगता येतं. गाडीच्या खिडकीतून तळहात जरा तिरपा धरून बाहेर काढलेला नाही असं मूल मला दाखवा. चुकीची गोष्ट सोपी वाटते म्हणून शिकवायची, हे मला सहन होत नाही. मी स्वतः पहिली चार वर्षं ती शिकवली. त्या मुलांपैकी कुणी हे वाचत असेल तर कृपया हा परिच्छेद तेव्हाच्या वहीत लिहून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गौरींच्या खरेदीला निघणार, तर पुतणी म्हणाली, "काकू, विमान त्या पट्ट्यावर उतरलं तर?"

मी पटकन म्हणणार होते की तेच, काही फरक नाही. मग थांबले. उतरल्यावर पायलट ब्रेक लावतो. ब्रेक लावला की चाक मोकळं राहत नाही, विमान पट्ट्याला बांधलं जातं, आणि भाऊजींची जमीन परत गोष्टीत येते. मग विमान कमी अंतरात थांबेल की तेवढ्याच? आणि थांबल्यावरही ब्रेक दाबूनच ठेवला तर?

भाऊजी काही न बोलता स्केट घेऊन जिममध्ये गेले, आम्ही दोघी मागोमाग. या वेळी त्यांनी चाकांमध्ये जुन्या फडक्याचे बोळे कोंबून चाकं जाम केली. तीच नाडी, तोच काटा, तेच तांदूळ. पट्टा ४ वर. काटा ६० ग्रॅमवरून सरळ सव्वा किलोवर गेला आणि तिथे थरथरत राहिला.