लाल कॅलिपरवाल्यांसाठी चार शहाणपणाच्या गोष्टी

ब्रेक गाडी थांबवायला असतात, हा समज आधी डोक्यातून काढा. थांबण्यापुरते ब्रेक कंपनीने दिलेलेच आहेत. तुम्हाला हवेत ते दिसणारे ब्रेक. चाकाच्या आऱ्यांमधून लालभडक कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणारा तो चिमटा, डोकावला पाहिजे, आणि तो लोकांना नीट दिसायचा तर गाडी उभी असली पाहिजे. ती सोय सरकारने केलेली आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, आणि तेव्हापासून गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत या रस्त्यावर वाहनं उभी करून त्यांचं प्रदर्शन भरवण्याची परंपरा अखंड चालू आहे. तुमच्या मागे एसटी, पुढे माणसांनी आणि मखराच्या सामानाने भरलेला टेम्पो, मध्ये तुम्ही. कॅलिपर बघायला इतका निवांत प्रेक्षक जगात दुसरीकडे मिळणार नाही.

गाडी कशी आली हे मी विचारत नाही. महामार्गात जमीन गेली, मोबदला आला आणि मोबदल्याची दोन दारांची गाडी आली, असंही आमच्याकडे कोकणात होतं. रस्त्याने जमीन खाल्ली, आता तोच रस्ता गाडी खाणार. हिशेब चोख आहे.

तर पॅड, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी घासून थांबवणाऱ्या त्या पट्ट्या. पॅड निवडताना रंग बघावा. ईबीसी या इंग्लिश कंपनीने ही सोय आधीच केली आहे: ग्रीनस्टफ, रेडस्टफ, यलोस्टफ, ब्लूस्टफ. लाल सिरॅमिक आहे, त्याची काजळी कमी पडते. निळा रेस ट्रॅककडे झुकणारा आहे. असले तपशील वाचत बसू नका. गाडी निळी असेल तर निळे घ्या. पॅडच्या कडेला बारीक अक्षरांत एक कोड छापलेला असतो, त्यात शेवटी एफएफ किंवा जीजी अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं अक्षर पॅड साधारण गरम असतानाची पकड सांगतं, दुसरं चांगलाच तापल्यावरची. एफ म्हणजे घर्षणाचा गुणांक ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. दुकानदाराला हे विचारलंत तर तो तुमच्याकडे असा बघेल की तुम्हालाच लाज वाटेल. म्हणून विचारू नका. रंग विचारा, तो लगेच सांगतो.

त्यातून रेसिंगचेच पॅड मिळत असतील तर सोडू नका. त्यांची गंमत अशी की ते थंड असताना धड पकडतच नाहीत. चांगले दोनशे-तीनशे अंश तापले की मग त्यांना काम करावंसं वाटतं. रेस ट्रॅकवर दुसऱ्या फेरीत ते तापलेले असतात. तुमच्या आळीतून बाहेर पडून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत जाताना ते झोपेत असतात, आणि नेमकी तिथेच शेजाऱ्यांची शेळी रस्ता ओलांडते. शेळीला तुमच्या पॅडचं तापमान ठाऊक नसतं. शिवाय हे पॅड किंचाळतात. पहाटे तुम्ही मुंबईहून पोहोचलात की ब्रेकच्या आवाजाने अख्ख्या वाडीला कळतं. आईला दार उघडायला वेगळा फोन करावा लागत नाही.

आता डिस्क. डिस्कला भोकं हवीतच. भोकं कशासाठी, असं कोणी विचारलं तर ‘गॅस बाहेर जायला’ असं सांगा. ते एके काळी खरं होतं. जुन्या काळचे पॅड तापले की त्यातून वायू सुटायचा, तो पॅड आणि डिस्कच्या मध्ये अडकायचा, त्याला वाट हवी म्हणून भोकं. आजच्या पॅडमधून तसा वायू फारसा सुटत नाही, पण भोकं सुटत नाहीत. ओतीव लोखंडाच्या डिस्कला ड्रिलने भोकं पाडली की प्रत्येक भोकाच्या कडेपासून बारीक तडे जायला सुरुवात होते. वारंवार तापणं आणि गार होणं त्यांना मानवतं. ट्रॅकवर खरोखर जोरात गाडी हाणणारे बरेच जण म्हणून नुसत्या खाचा पाडलेल्या किंवा साध्या डिस्क लावतात. त्यांचं सोडा, त्यांना फोटो काढायचे नसतात. तुमच्या डिस्कची भोकं पहिल्या पावसात जांभ्याच्या लाल चिखलाने बुजतील, तेव्हा दाभणाने एकेक भोक कोरायचं. रविवार सकाळ छान जाते.

डिस्क ब्रेक हा प्रकार तसा आपल्याच रस्त्यांसाठी जन्मला होता, असं म्हणायला हरकत नाही. १९०२ साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी त्याचं पेटंट घेतलं. पॅडच्या जागी तांबं होतं, आणि तेव्हाचे रस्ते इतके खडबडीत आणि धुळीचे की ते तांबं भराभर झिजून जायचं. मग १९५३ मध्ये जॅग्वारच्या सी-टाइपने डिस्क ब्रेकच्या जोरावर फ्रान्समधली ल मॉची चोवीस तासांची शर्यत मारली आणि सगळ्या जगाने ते उचलले. मधल्या पन्नास वर्षांत तिकडचे रस्ते सुधारले. लँचेस्टरसाहेबांचे मूळ रस्ते ज्यांना अनुभवायचे असतील, त्यांनी पावसाळ्यात आमच्याकडे यावं.

पैसा फारच झाला असेल तर कार्बन-सिरॅमिक आहेच. पोर्शने २००१ च्या ९११ जीटी २ वर या डिस्क दिल्या. लोखंडाच्या डिस्कपेक्षा वजन जवळपास निम्मं, आणि ओळख पटावी म्हणून त्या गाड्यांचे कॅलिपर पिवळे. एका गाडीच्या सेटची किंमत लाखांत जाते. पिवळ्या रंगाचा डबा शेकड्यांत येतो. पुढचं तुम्ही सुज्ञ आहात. खरं तर कार्बन-सिरॅमिक गंजत नाही, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात त्याचा काही उपयोग असेल तर तो खाऱ्या वाऱ्याच्या या पट्टीतच. पण या मुद्द्यावर कोणी ते घेतल्याचं ऐकलेलं नाही.

डिस्कच्या आकाराचं म्हणाल तर जितकी मोठी तितकी चांगली. मोठ्या डिस्कला मोठं चाक लागतं, मोठ्या चाकावर टायरची कड पापडाएवढी पातळ उरते, आणि मग पोलादपूर ते संगमेश्वर या टप्प्यात पहिल्याच खड्ड्याला रिमची कड आत येते. पण ब्रेक मोठे आहेत, त्याचं काय! फक्त पुढच्याच बदला. मागचे कोण बघतं? पुढच्या-मागच्या ब्रेकचं जे प्रमाण कंपनीने आणि एबीएसने (चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेने) जुळवलेलं असतं ते बिघडलं तरी गाडी ‘पुढून बसते’ असं कौतुकाने सांगता येतं. विमा कंपनीला या बदलाबद्दल कळवू नका. त्यांनाही क्लेम नाकारायला काहीतरी कारण लागतंच ना.

आणि टायर बदलण्याच्या फंदात पडू नका. रस्ता टायर पकडतो, डिस्क नाही, ही गोष्ट फार अरसिक आहे. जोरात दाबल्यावर पायाखाली एबीएस थरथरलं याचा अर्थ ब्रेकमध्ये ताकद भरपूर आहे, टायरने हात टेकलेत. तिथे कितीही मोठी डिस्क लावली तरी ती पहिल्या थांब्याला एक फूटही वाचवत नाही. तिचा उपयोग पुन्हा पुन्हा दाबून तापलेल्या ब्रेकांना होतो. पण टायर काळे असतात, सगळ्यांचे सारखेच दिसतात, त्यावर खर्च कशाला. नक्षी १.६ मिलीमीटरवर आली की कायद्याने बदलावे लागतात, तोवर जून ते सप्टेंबर तीन हजार मिलीमीटर पाऊस पडून जातो. कुडाळकडच्या एका मेस्त्रींनी एका गिऱ्हाइकाची गाडी जॅकवर घेऊन दोन्ही चाकं हाताने फिरवली, टायरवरून अंगठा फिरवला आणि शांतपणे विचारलं, “पॅड नवे घातल्यात, ता बरा केल्यात. पण टायर कधी बदलतल्यात?” असल्या माणसाकडे पुन्हा जायचं नसतं.

तेच मेस्त्री कॅलिपरच्या पिना काढून पुसत बसतात. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्यांच्या रबरी टोपीत पाणी शिरलं, मीठ बसलं की पिन अडकते, मग एक पॅड झिजून पत्र्याला लागतो आणि दुसरा नव्यासारखा राहतो. उपाय काय, तर पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावणं. खर्च किरकोळ. म्हणजे यात सांगण्यासारखं काहीच नाही.

पेडलवरचा जोर कॅलिपरपर्यंत नेतं ते ब्रेक ऑइल. त्याची प्रत बाटलीवर ‘डॉट’ अमुक अशी लिहिलेली असते. तिथे शाळेत शिकलेलं गणित वापरा: मोठा आकडा चांगला. डॉट ४ पेक्षा डॉट ५ मोठा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही, एबीएसवाल्या गाडीला चालत नाही, आणि ज्याला खरंच वरचं काही हवं त्याच्यासाठी ५.१ नावाचं वेगळंच ऑइल आहे. पण दशांश चिन्हाकडे बघायला वेळ कोणाला आहे. डॉट ४ हवेतलं पाणी शोषतं. ताजं असताना ते २३० अंशांच्या खाली उकळता कामा नये असा दंडक आहे, पाणी शोषल्यावर हाच आकडा १५५ वर येतो. म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमच्याकडे तर जुलैत भिंतींना बुरशी येते, पापड मऊ पडतात, काडेपेटी पेटत नाही. ऑइलच्या बाटलीतलं ऑइल मात्र कोरडंच राहतं अशी श्रद्धा ठेवा. सहा हजारांची डिस्क घ्या, सहाशेचं ऑइल राहू द्या.

नवे पॅड बसवले की ते डिस्कवर ‘बसवून’ घ्यावे लागतात. शंभरच्या वेगावरून वीसपर्यंत, न थांबता, आठ-दहा वेळा बेताच्या जोराने ब्रेक, मग पाय न लावता गार होईतो चालवत राहणं. त्याने पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो. इतका मोकळा रस्ता शोधायला लागेल, त्यापेक्षा बॉक्समधला तो कागद फेकून द्या. एकदाच जोरात थांबा आणि पेडल दाबूनच उभे राहा. तापलेल्या पॅडचा ठसा एकाच जागी उमटेल, मग स्टिअरिंग थरथरायला लागेल, आणि तुम्ही सगळ्यांना ‘डिस्क वाकली’ असं सांगू शकाल. डिस्क बहुधा सरळच असते. पण नवी घ्यायला तेवढं निमित्त पुरतं.

पुळणीवर गाडी न्याच. ओहोटीची ओली वाळू कडक असते, सुरुवातीला गाडी छान चालते, मग रुतते, म्हणून तर ती ओढून काढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांची घरं चालतात. खारं पाणी डिस्कवर, हबवर, बोल्टांवर नीट बसू द्या. गोड्या पाण्याने धुऊ नका. घरी येऊन हँडब्रेक करकचून ओढा आणि दोन दिवस मासे खात पडून राहा. डिस्कवर रात्रीतच नारिंगी थर येतो. तो पहिल्या दोन-तीन ब्रेकांत खर्रकन निघून जातो, त्याची तक्रार नाही. पण ओढलेल्या हँडब्रेकखाली मागचे पॅड डिस्कला धरून बसतात, आणि तिसऱ्या सकाळी गाडी पहिल्या गिअरमध्ये ‘टक्’ करून सुटते. कधी पॅडचा मसाला डिस्कवरच राहतो आणि पत्रा तेवढा तुमच्याबरोबर येतो.

गतिरोधकांबद्दल बोलायला नको. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमात त्याची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर होती. आमच्या ग्रामपंचायतींनी उंची मनापासून घेतली, रुंदी सोडून दिली. तुमच्या गाडीचं पोट जमिनीपासून फार तर बारा सेंटीमीटरवर. तिथे गाडी कोणत्या पॅडने थांबते याचं उत्तर तुम्हाला खालून मिळेल. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या फळीवरही तेच.

राहता राहिला घाट. तुम्ही या ब्रेकांवर खर्च केलात तो याच दिवसासाठी. आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण ६९० मीटर उंच. तिथून सावंतवाडीकडे उतरताना दीड टनाची गाडी पाचशे मीटर जरी खाली आली, आणि सगळं ओझं ब्रेकांवरच टाकलंत, तर त्या उतरण्यातून जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात बावीस-तेवीस लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल. म्हणजे अंघोळीचा भरलेला बंब. चार डिस्क मिळून हा बंब तापवणार आहेत. एसटीचा ड्रायव्हर हे ओझं इंजिनावर टाकतो. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो, ब्रेकला मधूनमधून पाय. त्याला रस्त्यात गिऱ्हाईक उतरवायचं असतं, तुम्हाला नाही. तुम्ही गाडी न्यूट्रलमध्ये सोडा. पेट्रोल वाचतं म्हणतात. हल्लीच्या गाड्या गिअरमध्ये उतरताना इंधन पूर्ण बंद करतात आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यापुरतं जाळतात, म्हणजे वाचवण्याच्या नावाखाली खर्चच होतो. पण घाटात बंदुकीच्या गोळीसारखं सुटल्याचा आनंद पेट्रोलमध्ये मोजता येत नाही. पाय ब्रेकवर अलगद ठेवूनच द्या, काढू नका. चौथ्या वळणापर्यंत काहीच होणार नाही. पाचव्या वळणाला जळक्या क्लचसारखा वास येईल, तो पुढच्या ट्रकचा आहे असं समजा. सहाव्याला पेडल थोडं मऊ लागेल. आतलं दोन वर्षांपूर्वीचं ऑइल उकळतंय, त्यात वाफेचे बुडबुडे झालेत, आणि बुडबुडा दाबला की तो दबतो, ऑइलसारखा जोर पुढे नेत नाही. पेडल दोन-तीनदा भराभर पंप करा, तेवढ्यापुरतं कडक होईल. शेजारी बसलेल्यांना ‘रेसमध्ये असंच असतं’ म्हणून सांगा.

तळाला पोहोचलात की टपरीपाशी थांबा. तोपर्यंत डिस्कची निळसर झाक आलेली असेल, ती भोकांसकट फार देखणी दिसते. चहा सांगा आणि एक बादली पाणी मागा. बादली सरळ डिस्कवर ओता. चारचौघात तापलेलं लोखंड विझवण्यात एक रुबाब असतो. ‘टण्ण’ असा आवाज आला तर दचकू नका, टपरीवाल्याला त्याची सवय आहे. तो चहाचा कप हातात देता देता एवढंच विचारेल, “ही केवढ्याक गावली हुती?”

आकडा जीएसटी धरून सांगा.