डॉमपीडीएफची त्रुटी 'जुनी' म्हणून सोडून देऊ नका

कोल्हापुरातल्या डेव्हलपरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणे, डॉमपीडीएफमधल्या, म्हणजे दूध संस्थांची बिलं ज्या पीएचपी लायब्ररीने एचटीएमएलवरून पीडीएफ होतात तिच्यातल्या, रिमोट फाइल इन्क्लूजनचा (बाहेरची फाइल आत आणून चालवण्याच्या त्रुटीचा) उगाच बाऊ करू नका. तो २०१० सालचा प्रकार, पीएचपीत 'अलाऊ_यूआरएल_इन्क्लूड' हे सेटिंग मुळातच बंद असतं, दूध संस्थेच्या बिलांत हॅकरला कसला रस, आणि चालू सिस्टीमला हात लावला तर बिलं अडतील. यातल्या पहिल्या तीन मुद्द्यांतून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

आधी त्या सेटिंगचं बघू. पीएचपी ५.२ पासून ते आहे आणि बंदच असतं, हे खरं. पण ते अडवतं काय? 'इन्क्लूड' किंवा 'रिक्वायर'ला दिलेला बाहेरचा पत्ता, एवढंच. २०१० ची ती त्रुटी, त्रुटींच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-२०१०-४८७९, तिची वाट वेगळी होती. डॉमपीडीएफच्या ०.६.० बीटा १ आवृत्तीत 'डॉमपीडीएफ.पीएचपी' नावाची फाइल 'इनपुट_फाइल' म्हणून मिळालेला कुठलाही पत्ता उघडायची आणि तिथलं एचटीएमएल वाचायची. त्या एचटीएमएलमध्ये पीएचपीचा तुकडा असेल आणि तशी सोय चालू असेल, तर लायब्ररी स्वतःच तो चालवायची. बाहेरची फाइल लायब्ररीच आत आणते, तेव्हा पीएचपीचं ते सेटिंग मध्ये येतच नाही.

'जुना प्रकार' तर अजिबात नाही. २०२२ मध्ये सीव्हीई-२०२२-२८३६८ निघाली, आणि आपल्याकडच्या बिलांना हीच जास्त लागू पडते. समजा बिलाच्या फॉर्मवर 'शेरा' असा रकाना आहे आणि त्यातला मजकूर न गाळता थेट एचटीएमएलमध्ये जातो. कुणी तिथे स्टाइलचा टॅग टाकून फॉन्टचा बाहेरचा पत्ता दिला की डॉमपीडीएफ ती फाइल उतरवून आपल्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये ठेवायची, तेही पत्त्यातलं एक्स्टेन्शन तसंच राखून. फाइल दिसायला खरा फॉन्ट, पोटात पीएचपीचा कोड, नावाच्या शेवटी '.पीएचपी'. साठवलेलं नाव फॉन्टचं नाव, शैली आणि पत्त्याचा एमडी५ (पत्त्यावरून ठरावीक गणिताने निघणारा आकडे-अक्षरांचा ठसा) यांवरून ठरतं, म्हणजे हल्लेखोराला ते घरबसल्या काढता येतं. स्वस्त होस्टिंगवर अख्खा प्रोजेक्ट, लायब्रऱ्यांच्या 'व्हेंडर' फोल्डरसकट, ब्राउझरमधून उघडता येणाऱ्या 'पब्लिक_एचटीएमएल'मध्ये टाकायची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. मग तो पत्ता ब्राउझरमध्ये उघडला की सर्व्हर त्याच्या ताब्यात. दुरुस्ती १.२.१ मध्ये आली.

यावर 'आम्ही रिमोट (बाहेरच्या पत्त्यावरून फाइल आणायची सोय) बंद ठेवलंय' असं उत्तर येतं. खरंच ठेवलंय का, ते एकदा कोडमध्ये बघा. डॉमपीडीएफला देवनागरी नीट जमत नाही. 'शिरोली' छापलं की वेलांटी 'श'च्या आधी येण्याऐवजी नंतर पडते, जोडाक्षरं सुटी होतात. मग कुणीतरी बाहेरून फॉन्ट ओढायला रिमोट चालू करतो. त्याने वेलांटी सुधारत नाही, कारण अक्षरं जुळवण्याची सोयच त्या लायब्ररीत नाही. सेटिंग मात्र तसंच चालू राहून जातं. शिवाय ०.८.५ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना रिमोट बंद असूनही या फॉन्टच्या त्रुटीची झळ बसते, असं ती शोधणाऱ्यांनीच नोंदवलंय.

२०२३ मध्ये पुन्हा एसव्हीजी चित्रांतून पत्त्याची तपासणी चुकवता येते, हे उघड झालं. पीएचपी ८ च्या आधीच्या सर्व्हरवर ते जास्त घातक. पहिली दुरुस्ती २.०.२ मध्ये आली, तीही चुकवता आली म्हणून लगोलग २.०.३ काढावी लागली.

बिलांत रस कुणाला, या प्रश्नाचं मला खरंच वाईट वाटतं. दहा दिवसांच्या दूध बिलामागे उत्पादकाचा खाते क्रमांक असतो, कॉन्फिगच्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असतो. आणि असल्या त्रुटी शोधत फिरणारे बॉट संस्था लहान की मोठी हे बघत नाहीत, ठरावीक पत्ते ठोठावत जातात.

बिलं अडतील ही भीती तेवढी रास्त आहे. ०.६ वरून थेट नव्या आवृत्तीवर गेलात तर कोड बदलावा लागतो. पण त्याआधीची कामं एका दुपारची आहेत. 'कंपोझर.लॉक'मध्ये (लायब्रऱ्यांच्या आवृत्त्यांची नोंद असलेल्या फाइलमध्ये) आवृत्ती बघा, 'कंपोझर ऑडिट' (ज्ञात त्रुटी शोधणारी आज्ञा) चालवा. 'शेरा'सारखे रकाने टॅगचा साधा मजकूर करणाऱ्या 'एचटीएमएलस्पेशलकॅर्स' या पीएचपी फंक्शनमधून जाऊ द्या. फॉन्ट आणि लोगो सर्व्हरवरच ठेवून रिमोट बंद करा, 'व्हेंडर' वेबरूटच्या (ब्राउझरला उघड्या फोल्डरच्या) बाहेर काढा. हे नीट केलं तर यातल्या कशानेही उद्याचं बिल अडत नाही. आवृत्ती मात्र पुढच्या बिलाच्या आधी, चाचणीच्या सर्व्हरवर जुनी बिलं काढून बघून बदला.