‘स्पष्टवक्ता’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार स्पष्टवक्ते,

टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनची ताकद तेलातून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. म्हणणं थोडक्यात असं: कन्व्हर्टर बसवतानाची फट मी ड्रिलने मोजली, वॉशर घातल्यावर पायलट (कन्व्हर्टरच्या पुढचा खुंट) क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यात, किती उरला ते लिहिलं नाही, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर धुण्याबद्दल अवाक्षर नाही, आणि मराठीत हे वाचणार कोण. या सगळ्याच्या मध्ये एक वाक्य टाकलंय: ‘सुतात मोजणाऱ्यांनी गिअरबॉक्सला हात लावू नये.’ आधी तेच घेऊ.

ज्या माणसाला तुम्ही ओळखत नाही त्याच्याशी बोलायची ही पद्धत आहे का? टोपणनाव स्पष्टवक्ता घेतलं म्हणजे वाट्टेल ते बोलायचा परवाना मिळत नाही. हेच ‘ड्रिलऐवजी फिलर गेज वापरा’ असं लिहिता आलं असतं. मी आभार मानले असते.

आता सुताचं, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचं. माझे वडील कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात टर्नर होते. शाळा सुटली की दप्तर लेथच्या कट्ट्यावर टाकून मी तिथेच असायचो. पट्टी, पाइप, ड्रिल सगळं सुतात मागितलं जायचं, आणि त्याच लेथवर बेअरिंगची बैठक थाऊत, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, निघायची. कुठे सूत चालतं आणि कुठे थाऊ लागतो हे तिथल्या पोऱ्यालाही ठाऊक असे. तुम्ही शिकलात कुठे, मला माहीत नाही. विचारतही नाही.

गाडी 1972 ची शेव्हर्ले शेव्हेल, 350 घनइंची इंजिन, टर्बो 350 गिअरबॉक्स. कंपनीचा मूळ कन्व्हर्टर काढून जास्त स्टॉलचा (इंजिनच्या चढ्या फेऱ्यांवर पकड घेणारा), दहा इंची बाहेरचा आणला. असे कन्व्हर्टर बहुतेक वेळा जुनी कवचं लेथवर कापून, आतलं बदलून पुन्हा वेल्ड केलेले असतात, त्यामुळे लांबी नगागणिक थोडी बदलते आणि फट दर वेळी पाहावी लागते. कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या तेलपंपात पूर्ण मागे ढकलायचा, आणि त्याचे बोल्टांचे कान व फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे बसलेली पातळ तबकडी) यांत किती जागा राहते ते बघायचं. हवी 1/8 ते 3/16 इंच. म्हणजे एक सूत ते दीड सूत. ज्या मापात दीडेक मिलिमीटरची मोकळीक बनवणाऱ्यानेच दिली आहे, तिथे मायक्रोमीटर काढून काय सिद्ध करायचंय? 1/8 च्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा आरामात गेला पाहिजे, 3/16 चा फार तर घासत. तिन्ही कानांवर. याला कारखान्यात गो-नो गो म्हणतात, आणि तुम्ही जुगाड म्हणता.

माझ्या गाडीत अडीच सूत निघाली. तशीच बोल्टांनी पुढे ओढली असती, तर कन्व्हर्टरचा मागचा नळा पंपाच्या गिअरमधून तेवढाच बाहेर सरकला असता आणि दाते टोकावर चालले असते. म्हणून तिन्ही कानांवर एकेक सूत जाडीचे कडक पोलादी वॉशर, एकाच जाडीचे. उरली दीड. उलट फट उरलीच नाही तर कन्व्हर्टर तापल्यावर आणि दाबाने फुगल्यावर मागे पंपावर रेटतो, पुढे क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर. हे सगळं लेखात आहे. वाचलंत का?

खरं नुकसान होतं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे तुमची नजर गेलीच नाही. कन्व्हर्टर तीन टप्प्यांत बसतो: टर्बाइनचा शाफ्ट, मग स्टेटरचा, मग पंपाचे दाते. हाताने फिरवत ढकलायचा, तिसरा ‘खट्’ येईपर्यंत. दोनावर थांबून बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं घंटेसारखं कवच) बोल्टांनी ब्लॉककडे ओढलं की पंप गेला. बेलहाउसिंग हाताने ब्लॉकला टेकलं पाहिजे, आणि बोल्ट आवळल्यावरही कन्व्हर्टर आत मोकळा फिरला पाहिजे. डेट्रॉइटजवळ जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, त्या वुडवर्डच्या क्रूझला दर ऑगस्टात येणाऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याला विचारा, पंप फुटल्याची एक तरी गोष्ट तो सांगेल. पण त्यात कुणाला हिणवता येत नाही ना.

पायलटचं म्हणाल तर वॉशर घातले की तोही क्रँकमधून तेवढाच मागे येतो, हे बरोबर. जीएमच्या नव्या पिढीच्या एलएस इंजिनाला जुना गिअरबॉक्स लावताना हा प्रश्न मोठा होतो, कारण तिथे क्रँकची फ्लँज 0.400 इंच आत असते आणि तेवढा स्पेसर लागतो. माझं इंजिन जुनं आहे. पायलट आत होता, मी पाहिला होता. विषय संपला.

एक गोष्ट मान्य. दीड सूत म्हणजे 5 मिलिमीटर असं मी लिहिलं, ते 4.76. दुरुस्त केलंय. या 0.24 मिलिमीटरचं श्रेय तुमचं.

कूलर पुढच्या भागात येणारच होता. आणि मराठीत कोण वाचणार? तुम्ही वाचलंत की. क्रेटाच्या डिझेल ऑटोमॅटिकमध्येही टॉर्क कन्व्हर्टरच असतो, तेव्हा पुण्यात बसून हे परग्रहावरचं वाटायचं कारण नाही.

तुम्ही स्वतः किती कन्व्हर्टर बसवलेत ते प्रतिक्रियेत कुठे दिसलं नाही. असेल अनुभव तर लिहा, फोटो टाका, मी इथेच छापतो. पण पुढची प्रतिक्रिया याच सुरात आली तर ती मंजूर होणार नाही.