झेल्याचं पातं आणि आगोट

जपानमधल्या नागोयात बसून कोकणातल्या चर्चा वाचताना आंब्याच्या हंगामात दोन तक्रारी हटकून भेटतात: माणसं मिळत नाहीत, आणि शीतगृहं नाहीत. दुसरी रास्त आहे. पहिलीचा हिशोब मात्र कोणी मांडत नाही.

ताइची ओनो यांनी टोयोटात घडवलेली कामाची पद्धत आज 'लीन' म्हणून जगभर ओळखली जाते. ती सात प्रकारची नासाडी मोजते: नको तेवढं उत्पादन, खोळंबा, ने-आण, जास्तीची प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल. कोकणी माणूस वस्तू फुकट घालवत नाही, झावळी-करवंटीसुद्धा चुलीत जाते. पण वेळेची नासाडी उकिरड्यावर दिसत नाही. टेम्पोची वाट बघत चार गडी दोन तास बसले, की एका गड्याचा अख्खा दिवस गेला.

हापूस झाडावरून पेटीत जाईपर्यंत किती वेळा उचलला जातो, ते एकदा मोजावं. झेल्यातून (आंबे उतरवायच्या, पातं आणि जाळी लावलेल्या काठीतून) टोपलीत, टोपलीतून ढिगात, ढिगातून निवडायला, तिथून अढीत, मग पेटीत. झाडाखालीच, सावलीत, उथळ क्रेटमध्ये लहान-मोठा वेगळा केला तर ढीग गळतो आणि एक हाताळणीही. उन्हात तापलेल्या जमिनीवर तर फळ ठेवूच नये, साक्याचा, म्हणजे गर आतून पांढुरका-स्पंजासारखा होण्याचा धोका वाढतो.

खरी गोम देठात आहे. बोटाच्या पेराएवढा देठ राहिला पाहिजे. झेल्याचं पातं बोथट झालं की देठ कापला न जाता उपटला जातो, चीक सालीवर ओघळतो. तो डाग काळा पडून नजरेत भरेपर्यंत एक-दोन दिवस जातात. तोवर त्याच पात्यानं आणखी शेकडो फळं उतरलेली असतात. साकिची तोयोदा यांचा १९२४ सालचा माग धागा तुटताच आपोआप थांबायचा. इथेही पहिला देठ उपटला गेला की तिथंच थांबून पातं बदलायचं. दोन जादा पाती गड्याच्या खिशात असली म्हणजे झालं.

पण 'शेठ, पातं गेलं' असं नेपाळी गड्यानं म्हणायचं कसं? टोयोटाच्या कारखान्यात कुठलाही कामगार दोरी ओढून काम थांबवू शकतो. आपल्याकडे थांबला तो कामचुकार. लीन गावात रुजणार नाही ती बहुधा याच कारणानं, जपानी शब्दांमुळे नव्हे.

साठा म्हणजे नासाडी, हे सूत्र मात्र आंधळेपणानं घेऊ नये. २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानं चिप पुरवणाऱ्यांना दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. आपली आगोट, म्हणजे पावसाळ्याआधी घरात भरून ठेवायचं सामान, याहून वेगळी नाही, फक्त तिला आकडा हवा. रोज दीडशे ग्रॅम डाळ, सात दिवसांनी बाजार, रस्ता बंद पडला तर आणखी तीन दिवस: दीड किलो पुरे, पाच नको. सिलिंडरचं तर आपण आधीपासून असंच करतो, एक संपला की दुसरा जोडून लगेच बुकिंग.

सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची गोष्ट निराळी. ते पावसाआधीच घ्यावे लागतात, पण एकाच मोठ्या डब्यात भरले तर दर वेळी झाकण उघडताना ओल शिरते आणि वास येऊ लागतो. कडकडीत वाळवून छोट्या डब्यांत भरावे. एक संपल्याशिवाय दुसरा उघडू नये.